टायर फुटण्याआधी काय दिसतं?

२०१० साली पुण्याहून मुंबईला निघालेल्या एका मोटारीचा टायर फुटला, गाडी रस्ता सोडून खाली गेली आणि आतल्या एका तरुणाचा जीव गेला. विमा कंपनीने कोर्टात सांगितलं की टायर फुटणं ही दैवी घटना, ‘ॲक्ट ऑफ गॉड’, भरपाई आमच्याकडे मागू नका. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हे म्हणणं फेटाळलं. जादा वेग, कमी हवा, जास्त हवा, जुना वापरलेला टायर, तापमान अशी कारणं त्यामागे असतात, आणि निघण्याआधी टायरची अवस्था बघणं हे चालकाचं किंवा मालकाचं काम आहे, असं न्यायालयाने म्हटलं.

टायरच्या कामात मुरलेल्या माणसाला यात काही नवल वाटणार नाही. ‘चालता चालता फाटकन फुटला’ म्हणून दुकानात आलेला टायर रिमवरून उतरवला की आत बहुधा जुनी गोष्ट सापडते. कधी महिन्याभरापूर्वीच्या खड्ड्यात तुटलेले दोरे असतात, कधी कमी हवेवर धावून आतून झिजलेली कड असते, कधी अर्धवट काढलेलं पंक्चर. यातलं बरंचसं टायर न उतरवताही दिसतं. फक्त कुठे बघायचं आणि दिसलेल्याचा अर्थ काय, हे माहीत हवं. त्यासाठी आधी टायर आतून कसा असतो ते थोडं समजून घेऊ.

रबराच्या आत काय असतं

सगळ्यात आत ब्युटाइल रबराचा पातळ हवाबंद थर असतो. ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूबचं काम हाच थर करतो. त्याच्यावर पॉलिस्टरच्या दोऱ्यांचा थर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवा गेलेला असतो. रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीच्या खाली बारीक पोलादी तारांचे दोन पट्टे एकमेकांना तिरके बसवलेले असतात, आणि बऱ्याच टायरांत त्यावर नायलॉनची आणखी एक पट्टी असते. रिमवर बसणाऱ्या कडेत, म्हणजे बीडमध्ये, पोलादी तारांचं कडं असतं. सगळं रबर या सांगाड्याला चिकटून असतं.

आता साइडवॉलकडे, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीकडे बघा. तिथे पोलादी पट्टा नसतो. दोऱ्यांचे एक-दोन थर आणि वर काही मिलिमीटर रबर, एवढंच. तिला वाकायचं असतं म्हणून ती मुद्दाम अशी ठेवलेली असते. म्हणूनच नक्षीच्या भागात खिळा घुसला तर पंक्चर काढून चालतं आणि साइडवॉलला तेवढंच भोक पडलं तर टायर बाद होतो.

गाडीचं वजन रबर पेलत नाही, आतली हवा पेलते. चारही चाकांवर मिळून १,२०० किलो वजन असेल तर एकेका चाकाच्या वाट्याला ३०० किलो येतात. ३३ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) हवेवर एवढं वजन उचलायला टायरचा साधारण सव्वाशे चौरस सेंटीमीटर भाग जमिनीला टेकतो. हवा कमी झाली की टेकलेला भाग वाढतो आणि साइडवॉल जास्त वाकते. १८५/६५ आर १५ मापाचा टायर किलोमीटरमागे पाचशेहून जास्त फेरे मारतो. ताशी १०० किलोमीटरला सेकंदाला चौदा फेरे होतात, म्हणजे साइडवॉलचा प्रत्येक भाग सेकंदाला चौदा वेळा वाकतो आणि सरळ होतो. तार एकाच जागी वरचेवर वाकवली की ती जागा गरम होते, तसंच इथेही होतं. हवा योग्य असेल तर ही उष्णता वाऱ्यावर निघून जाते. कमी हवा, जास्त वजन आणि जास्त वेग एकत्र आले की उष्णता निघण्यापेक्षा साचते जास्त, आणि रबर पोलादी पट्ट्याच्या कडेपासून सुटायला लागतं. पट्टा सुटलेला टायर काही काळ चालतो, मग नक्षीची सालच्या साल निघून येते.

याचं जगभर गाजलेलं उदाहरण म्हणजे अमेरिकेतलं फायरस्टोन प्रकरण. ऑगस्ट २००० मध्ये कंपनीने पासष्ट लाख टायर परत मागवले. त्यातले बरेचसे फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांना होते आणि पट्टे सुटण्याच्या तक्रारी टेक्सास, ॲरिझोना, फ्लोरिडा अशा उष्ण राज्यांतून जास्त येत होत्या. टायरच्या घडणीत दोष होताच. शिवाय त्या गाडीला शिफारस होती जेमतेम २६ पीएसआयची. त्याच वर्षी तिथे नवा कायदा झाला, आणि हवा कमी झाली की डॅशबोर्डवर दिवा लावणारी यंत्रणा, टीपीएमएस, पुढे तिथल्या नव्या गाड्यांना सक्तीची झाली.

आपल्याकडे याच गणिताचा प्रश्न समृद्धी महामार्गावर आला. काँक्रीटचा सरळ रस्ता, तासन्‌तास एकाच वेगात चालणारी गाडी आणि विदर्भ-मराठवाड्याचा उन्हाळा. गावातल्या रस्त्यावर चाळीस-पन्नासच्या वेगात आणि दर दहा मिनिटांनी थांबत चालणारा टायर जे सहज सोसतो, ते दोन तास ताशी ११०-१२० ला सोसत नाही. २०२३ मध्ये आरटीओने या महामार्गावर चढणाऱ्या गाड्यांचे टायर बघून नक्षी झिजून गोटा झालेले टायर असलेल्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली, त्यामागे हेच कारण होतं.

हवा: आकडा कुठला आणि कधी मोजायचा

योग्य आकडा टायरवर लिहिलेला नसतो. टायरवर जो ‘मॅक्स’ आकडा असतो ती त्या टायरची कमाल मर्यादा. तुमच्या गाडीचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर, काही गाड्यांत पेट्रोलच्या झाकणाच्या आत, स्टिकरवर असतो. तिथे बहुतेक वेळा दोन ओळी असतात: दोन-तीन माणसांसाठी एक आणि पूर्ण भरलेल्या गाडीसाठी दुसरी. पाच जण आणि डिकीभर सामान घेऊन कोकणात निघताना दुसरी ओळ बघायची. अनेकांनी ती कधी वाचलेलीच नसते, आणि मागचे टायर त्याच दिवशी सर्वांत जास्त तापतात.

मोजायचं ते थंड टायरवर. थंड म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असावी, किंवा फार तर दोन किलोमीटर चाललेली असावी. धावलेल्या टायरमध्ये चार-सहा पीएसआय जास्त दिसतात, आणि ते तसंच असायला हवं. भर दुपारी टोलनाक्यापुढच्या पंपावर ‘हवा जास्त झालीय, काढून टाका’ म्हणून ती सोडली की गाडी थंड झाल्यावर टायर कमी हवेवर उभा असतो. बाहेरच्या तापमानात दहा अंशांचा फरक पडला की दीड पीएसआयच्या आसपास फरक पडतो, म्हणून डिसेंबरात पहाटे मोजलेली हवा मे महिन्यात परत मोजावी लागते. शिवाय काहीही बिघाड नसताना महिन्याला एक-दोन पीएसआय आपोआप कमी होतात.

पंपावरच्या मशिनवर विसंबू नका. दोन पंपांवरच्या मशिनींमध्ये दोन-तीन पीएसआयचा फरक सर्रास सापडतो. साधा डिजिटल गेज काही शे रुपयांत मिळतो, तो घरी ठेवा आणि सकाळी गाडी हलवण्याआधी मोजा. चारपैकी एकाच चाकात दर पंधरवड्याला हवा कमी होत असेल तर ते पंक्चर समजा, भले खिळा दिसो वा न दिसो. नायट्रोजनबद्दल एवढंच, की साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजन असतो. नायट्रोजन भरलाय म्हणून हवा बघणं सोडलं, तर फायद्यापेक्षा तोटा जास्त.

टीपीएमएस असलेल्या गाडीतही गेज लागतोच. काही गाड्यांत हवेचा दाब प्रत्यक्ष न मोजता चाकांच्या फिरण्यातल्या फरकावरून अंदाज बांधला जातो. चारही टायर सारखेच कमी झाले तर अशी यंत्रणा सहज फसते.

उजेडात, सावकाश, पुढची चाकं वळवून

महिन्यातून एकदा आणि लांबच्या प्रवासाच्या आदल्या दिवशी पंधरा-वीस मिनिटं काढा. आदल्या दिवशी अशासाठी, की काही निघालंच तर दुकान उघडं मिळावं. सपाट जागा, दिवसाचा उजेड, गेज, टॉर्च, खडू, साबणाचं पाणी आणि जाड कापड एवढं पुरतं. नक्षीवरून उघडा हात फिरवू नका, झिजलेल्या टायरमधून पोलादी तारा बाहेर आलेल्या असतात आणि त्या बोटात खोल जातात.

पुढच्या चाकांसाठी स्टीअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा, म्हणजे नक्षी आणि आतली बाजू दोन्ही दिसतात, मग दुसऱ्या बाजूला. मागच्या चाकांची आतली बाजू खाली वाकून टॉर्चने किंवा मोबाइलने फोटो काढून बघा. बाहेरून नवा दिसणारा टायर आतल्या कडेने तारेपर्यंत झिजलेला असणं अगदी नेहमीचं आहे. घरी न बघणाऱ्याला ते दिसतच नाही, कारण ती बाजू गाडीखाली असते. चाकाचा जो भाग जमिनीला टेकलेला असतो तो बघायचा राहतो, तेव्हा गाडी अर्धा फेरा पुढे घेऊन पुन्हा बघा.

फुगा

बघण्यातली सर्वांत महत्त्वाची जागा साइडवॉल, आणि तिथला सर्वांत गंभीर दोष फुगा. खड्ड्याच्या कडेवर किंवा दुभाजकाच्या दगडावर चाक आपटलं की रिमची कड आणि दगड यांच्या मध्ये साइडवॉल चिमटली जाते. बाहेरचं रबर बहुधा टिकतं, पण आतले दोरे तुटतात. मग त्या जागी हवेचा दाब फक्त रबरावर येतो आणि लिंबाएवढा, कधी त्याहून लहान उंचवटा वर येतो. तो त्याच दिवशी दिसेल असं नाही. काही दिवसांनी, काही शे किलोमीटरनंतरही दिसतो. पावसाळ्यातल्या खड्ड्याचा हिशेब दिवाळीच्या सुट्टीत हायवेवर चुकता होतो तो असा.

फुगा दुरुस्त होत नाही. ‘बघू, अजून फुटला नाहीये’ याला अर्थ नाही, हवा कमी करून चालवणं तर आणखी वाईट. तो टायर काढायचा, स्टेपनी लावायची आणि त्या टायरवर हायवेला जायचं नाही. साइडवॉलला आतून पॅच लावून देणारे भेटतात. त्या पॅचने हवा थांबते, तुटलेले दोरे जोडले जात नाहीत.

इथे एक गल्लत फार होते. साइडवॉलवर कधी कधी वरून खाली जाणारी बारीक, उथळ खाच दिसते, जणू आत ओढल्यासारखी. दोऱ्यांच्या थराची दोन टोकं जिथे एकमेकांवर येऊन जोडली जातात, तिथे दोरे दुहेरी असतात; हवा भरल्यावर बाजूचा भाग थोडा जास्त फुगतो आणि ती जागा आत राहते. ही खाच निरुपद्रवी असते. नियम सोपा: आत गेलेलं चालतं, बाहेर आलेलं चालत नाही. खात्री हवी असेल तर त्या जागेवर बोट आडवं फिरवा, उंचवटा लगेच कळतो.

फूटपाथला घासून साइडवॉलचं रबर सोललं असेल तर चिमटीने कड उचलून बघा. खाली काळं रबरच दिसलं तर ती वरवरची खरवड. धाग्यांची वीण दिसली, मग ती कितीही लहान असो, टायर बाद. दोऱ्यांपर्यंत पाणी पोचलं की ते कमकुवत होत जातात आणि रबराची पकड सुटते.

बारीक तडे वेगळेच. ऊन आणि हवेतला ओझोन रबर कोरडं करतात, आणि साइडवॉलवर व नक्षीच्या खाचांच्या तळाशी केसासारख्या रेघा उमटतात. त्या रोखण्यासाठी रबरात मिसळलेलं रसायन हळूहळू पृष्ठभागावर येतं, म्हणून टायर कधी कधी तपकिरी दिसतो. तो दोष नाही, उलट रसायन काम करतंय. लोक मात्र टायर काळाभोर दिसावा म्हणून डिझेल नाहीतर तेलकट पॉलिश चोपडतात आणि तेच रसायन धुऊन काढतात. साध्या साबणाच्या पाण्याने धुतलेला टायर जास्त टिकतो. रेघा वरवरच्या असतील तर लक्ष ठेवा. नख अडकेल इतक्या उघडल्या असतील, विशेषतः साइडवॉल जिथे सर्वांत जास्त वाकते त्या पट्ट्यात किंवा रिमच्या कडेला, तर टायर बदलायचा.

नक्षी किती उरली, आणि कशी झिजली

नव्या टायरची नक्षी सात-आठ मिलिमीटर खोल असते. मुख्य खाचांच्या तळाशी ठरावीक अंतरावर रबराचे छोटे उंचवटे असतात. साइडवॉलच्या वरच्या कडेला टीडब्ल्यूआय अशी अक्षरं किंवा छोटा त्रिकोण असतो, त्याच्या रेषेत खाचेत बघितलं की ते सापडतात. उंचवट्याची उंची १.६ मिलिमीटर. नक्षी झिजून त्याच्या बरोबरीला आली की टायर संपला. केंद्रीय मोटार वाहन नियमांतही मोटारीसाठी हीच मर्यादा आहे.

१.६ ही मर्यादा कोरड्या रस्त्यावरची समजा. खाचांचं खरं काम पाणी बाजूला काढणं, आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी जून ते सप्टेंबर जे पाणी रस्त्यावर असतं त्याला दोन मिलिमीटरच्या खाचा पुऱ्या पडत नाहीत. तीन मिलिमीटरवर आलेले टायर मे अखेरीला बदलावेत हा सल्ला खर्चिक वाटेल, पण घाटात पाण्यावर तरंगणाऱ्या गाडीला ब्रेक आणि स्टीअरिंग दोन्ही उपयोगाचे नसतात. टायर किती वेगाला तरंगेल हे हवेवरही ठरतं. विमानांच्या टायरवर १९६० च्या दशकात नासाने केलेल्या प्रयोगांतून निघालेल्या सूत्राप्रमाणे, खाचांना न पेलवणाऱ्या पाण्यात ३३ पीएसआयचा टायर ताशी ९५ किलोमीटरच्या आसपास तरंगतो आणि २५ पीएसआयचा ८३ च्या आसपास. मोटारीचा टायर याहून कमी वेगातही तरंगू शकतो. तेव्हा आकड्यांपेक्षा त्यांतला फरक ध्यानात घ्या.

खोली एकाच जागी मोजू नका. आतली कड, मध्य आणि बाहेरची कड अशी तिन्हीकडे मोजा, आणि चाकाच्या दोन-तीन ठिकाणी. झीज असमान असेल तर ती टायरपेक्षा गाडीबद्दल जास्त सांगते. दोन्ही कडा झिजल्या आणि मध्य शाबूत, तर बराच काळ कमी हवेवर गाडी चालली आहे. मध्यच झिजला तर हवा जास्त. एकच कड झिजली तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन, बिघडलं आहे, किंवा सस्पेन्शनचे बुश, बॉल जॉइंट ढिले झालेत. अशा वेळी आधी ढिले भाग बदलायचे आणि मग अलाइनमेंट करायचं. उलट केलं तर अलाइनमेंटचे पैसे पाण्यात.

हाताने कळणारी एक झीज डोळ्यांना फसवते. जाड कापड धरून नक्षीवरून हात आतून बाहेर आणि मग बाहेरून आत आडवा फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं तर टो बिघडला आहे, म्हणजे चाकं किंचित आत किंवा बाहेर तोंड करून घासत चालली आहेत. नक्षीवर थोड्या थोड्या अंतराने वाटीसारखे खोलगट भाग लागले तर शॉक ॲब्सॉर्बर गेलेले असतात किंवा चाकाचं बॅलन्सिंग बिघडलेलं असतं. ही झीज गाडीत घरघर आवाज करते आणि लोक बेअरिंग बदलत बसतात.

नक्षीच्या भागात एखादी जागा बाकीच्यापेक्षा वर आलेली दिसली तर मात्र थांबा. पट्टा सुटायला लागल्याची ती खूण. चालवताना ती जागा वेगाबरोबर वाढणाऱ्या धडधडीतून जाणवते आणि दोनदा बॅलन्सिंग करूनही जात नाही. शंका असेल तर जमिनीवरच्या चाकांना दगड लावून, हँडब्रेक किंवा गिअर यांपैकी ज्याने ते चाक अडणार नाही त्याने गाडी रोखून, ते चाक जॅकवर उचला, नक्षीजवळ खडू स्थिर धरा आणि चाक हाताने सावकाश फिरवा. अंतर एकाच जागी कमी होऊन पुन्हा वाढलं तर टायर उतरवून आतून बघावा लागेल. जॅकवरच्या गाडीखाली हातपाय घालू नका.

आणखी एक साधी चाचणी: वीस-पंचवीस किलोमीटर चालवून उतरल्यावर हाताच्या मागच्या बाजूने चारही साइडवॉल चाचपा. एकच टायर बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम असेल तर हवा कमी आहे. हवा बरोबर निघाली तर त्या चाकाचा ब्रेक चिकटतोय किंवा बेअरिंग बिघडलं आहे. रिमला मात्र हात लावू नका, घाट उतरल्यावर ती भाजते.

पंक्चर

नक्षीत खिळा किंवा स्क्रू दिसला तर जागेवर उपटू नका. खडूने खूण करा, हवा मोजा, दुकानात जा. भोक सहा मिलिमीटरपर्यंत आणि नक्षीच्या मधल्या भागात असेल तरच दुरुस्ती. नक्षी जिथे साइडवॉलकडे वळते त्या खांद्यावर आणि साइडवॉलवर नाही.

रस्त्याकडेला बाहेरून चिकट रबरी पट्टी ठोसून पाच मिनिटांत पंक्चर काढतात, ते घरी पोचण्यापुरतं. पट्टी घालण्याआधी भोक मोठं करायला जी कानस आत फिरवतात ती पोलादी तारा कापू शकते, आणि पट्टीच्या कडेने पाणी झिरपलं की तारा गंजतात. पक्की दुरुस्ती म्हणजे टायर उतरवून, आतली जागा घासून, देठ भोकात आणि टोपी आतल्या थरावर चिकटेल असा मशरूम पॅच. त्याचा खरा फायदा असा की टायर आतून बघितला जातो. आत काळी भुकटी सांडलेली दिसली किंवा साइडवॉलच्या आतल्या बाजूने गोल घासल्याचा पट्टा दिसला, तर तो टायर हवा नसताना चाललेला आहे. पंक्चर कितीही लहान असो, असा टायर परत लावायचा नाही. ‘जरा पुढे दुकान होतं, तेवढंच आणला’ यातला एखादा किलोमीटरही पुरतो.

वॉल्व्ह तपासायला अर्धं मिनिट लागतं. रबरी नळी बोटाने हलकेच वाकवा, मुळाशी तडे दिसले तर बदला. तोंडावर साबणाच्या पाण्याचा थेंब टाका, बुडबुडा वाढत गेला तर आतली पिन गळतेय. पंक्चरवाले थुंकी लावून हेच करतात. टोपी हरवली असेल तर नवी बसवा, ती धूळ आणि पाणी आत जाऊ देत नाही. नवा टायर घालताना वॉल्व्हही नवा घालायचा.

वय, आणि विसरलेलं पाचवं चाक

साइडवॉलवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते. तिच्या शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष: २३२१ असेल तर २०२१ चा तेविसावा आठवडा. हे चार आकडे बऱ्याचदा एकाच बाजूला असतात आणि ती बाजू आत बसवलेली असते. पाच-सहा वर्षांनंतर टायर दरवर्षी जाणकाराकडून बघून घ्यावा, आणि नक्षी कितीही उरली तरी दहा वर्षांपुढे वापरू नये. कमी चालणाऱ्या गाड्यांचे मालक इथे फसतात. वर्षाला तीन हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीची नक्षी आठ वर्षांनीही ठसठशीत दिसते, रबर मात्र कडक झालेलं असतं.

स्टेपनीचंही तेच. ती झिजत नाही, म्हातारी मात्र होते. सीएनजी गाडीत सिलिंडरमुळे ती काढणं जिकिरीचं असतं, म्हणून वर्षानुवर्षं कुणी हवासुद्धा बघत नाही. लहान मापाची स्टेपनी असेल तर तिच्यावरच ८० चा वेग लिहिलेला असतो, तो पाळायचा. ऑक्टोबर २०२० पासून टीपीएमएस आणि पंक्चर किट दिलेल्या ट्यूबलेस टायरच्या गाड्यांना स्टेपनी नसली तरी चालते. तुमची गाडी तशी असेल तर किटमधल्या बाटलीवरची मुदत बघा, आणि हे लक्षात ठेवा की ती बाटली साइडवॉलच्या चिरेवर चालत नाही.

बदलताना

१८५/६५ आर १५ ८८ एच मधला ८८ हा वजनाचा आकडा: एका टायरला ५६० किलो. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंत. रुंद टायर घालण्याच्या हौसेत मूळ टायरपेक्षा कमी वजनाचा आकडा घेऊ नका. दोनच नवे टायर घ्यायचे असतील तर ते मागे लावा, इंजिन पुढची चाकं ओढत असलं तरी. ओल्या रस्त्यावर पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाते आणि वेग कमी केला की सावरता येते. मागची सुटली तर गाडी गरकन फिरते. दुकानदार हमखास पुढे लावायला निघतो, त्याला थांबवा. नट एका पाठोपाठ एक न आवळता समोरासमोरचे आवळा, आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर एकदा परत बघा.

स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या टायरमध्ये कट मारलेले टायर असतात, म्हणजे झिजलेल्या टायरवर गरम पात्याने खाचा खोल केलेल्या. ओळखायची खूण खाचांच्या तळाशी असते. टीडब्ल्यूआयचे उंचवटे कापले गेलेले असतील किंवा गायबच असतील, किंवा खाचेच्या तळाचं रबर ओबडधोबड असेल, तर तो टायर हातात घेऊ नका. पोलादी पट्ट्यावरचं संरक्षक रबर तिथे उरलेलं नसतं. विम्यावरही भिस्त नको: नेहमीच्या पॉलिसीत नुसता टायर गेला तर काही मिळत नाही, आणि अपघातात गाडीबरोबर गेला तर बदलण्याच्या खर्चाच्या निम्म्यापर्यंत.

बाद झालेला टायर दुकानात सोडून येताना समोर उभं राहून साइडवॉल कापून घ्या. फुगा आलेला टायर हवा काढली की सपाट दिसतो, आणि पॉलिश मारून तो दुसऱ्याच्या गाडीला लागायला वेळ लागत नाही.